चौकीचं डुक्कर

पोलीस चौकीच्या कमांडरने आणलेलं डुक्कर ट्रकमधून खाली उतरवलं, तसा बायकांच्या बाजूचा गलका एकदम थांबला. पुरुषांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्याकडे पुरुषांना डुकरं मोजता येतात. ओळखता येतात ती बायकांना.

म्हातारे मेल्कियास काका काठी टेकत उभे राहिले. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "हे डुक्कर कुणाचं?"

"आमच्या चौकीचं, बापा," कमांडर म्हणाला.

"चौकीनंच पोसलेलं?"

"मग काय तुम्ही पोसलं?" शिपाई हसले. काका हसले नाहीत.

"सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, साहेब."

"चौकीचं! चौकीनं पोसलेलं!" कमांडर ओरडला. काकांनी मान हलवली. ज्याने मारलं त्याने आपल्या गोठ्यातलं डुक्कर द्यायचं, ज्याला लागलं त्याने ते सगळ्यांदेखत खायचं, की तंटा मिटला. पुन्हा तो विषय तोंडातून काढायचा नाही. दुसऱ्याचं डुक्कर दिलं तर काहीच मिटत नाही, नुसतं जेवण होतं. दोन वर्षं या खोऱ्यात काढल्यावर आमचं सगळं आपल्याला कळतं, असं कमांडरचं मत होतं.

तापलेले दगड खड्ड्यात गेले. वर रताळी, पाला, मांस, पुन्हा पाला. वाफ सुटली आणि सगळे वाट बघत बसले.

नाफ्ताली कुंपणाला टेकून बसला होता. तो जयापुरा शहरातल्या एका छोट्या वर्तमानपत्राचा बातमीदार. गेल्या महिन्यात कचेरीपुढे कॉलेजची पोरं भजनं म्हणत बसली होती. हातात फलक, दुसरं काही नाही. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. नाफ्तालीने फोटो काढले, ते धाडूनही दिले, आणि मग पोलिसांनी बंदुकीच्या दस्त्याने त्याचा जबडा फोडला. त्याची तक्रार आता जयापुऱ्यात होती आणि फोटो छापायचे राहिले होते. आज त्याने हे मांस खाल्लं, की दोन्ही संपणार. बदल्यात दबोरा सुटणार होती. दबोरा म्हणजे मेल्कियास काकांची मुलगी, भजन म्हणताना उचललेली. ती त्याच ट्रकमध्ये बसून होती, हात बांधलेले.

कागदावर सही मागितली असती तर नाफ्तालीने खुशाल केली असती आणि उद्या फिरवलीही असती. पण डुक्कर खाऊन फिरणाऱ्यातला तो नव्हता. हे कमांडरला बरोबर कळलं होतं.

"काका, खाऊ का?" त्याने विचारलं.

काकांनी ट्रककडे पाहायचं टाळलं. "माझी पोरगी आत बसलीय. मला काय विचारतोस? जबडा तुझा, तोंड तुझं."

"मी दमलोय, काका."

"सगळेच दमलेत रे."

खड्डा उघडला. वास दरवळला आणि माणसं सरसावली. कमांडर मांडी घालून पंगतीत बसला. "काय पत्रकार साहेब, दात आहेत ना शिल्लक? काळजी नको, मऊ शिजलंय."

नाफ्तालीला राग यायला हवा होता. पण रागवायचंही बळ उरलं नव्हतं. दबोरा घरी जाईल, आपण बातमीदारी सोडून रताळी लावू, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. फोटोतली ती पोरं डोळ्यांपुढे आली, तसे त्याने डोळे मिटून घेतले.

त्याची आई, योसिना, त्याचा वाटा घेऊन आली. केळीच्या पानावर मांस आणि सगळ्यात वर एक कान. ती त्याच्यासमोर बसली आणि आपल्या डोंगरातल्या भाषेत, जी कमांडरला कळत नसे, हळूच म्हणाली, "कान बघ."

कानाच्या कडेला दोन खाचा होत्या. बांबूच्या सुरीने त्या कोण पाडतं, हे नाफ्तालीला सांगावं लागलं नाही. लाठीमारानंतर पोलिसांची झडती झाली, सगळी वाडी जंगलात पळाली, परत आले तेव्हा आईचा गोठा रिकामा होता.

"आई, हे आपलं..."

"हळू बोल. एवढंसं होतं तेव्हा पिशवीत घालून पाठीवर हिंडवलंय त्याला मी. ट्रकमधून उतरलं तेव्हा माझ्याकडेच बघत होतं." तिचे डोळे भरले. तिने ते मनगटाने पुसले. "खा आता. पोटभर खा."

"मेल्कियास काकांना ठाऊक आहे?"

"त्यांना आज सांगू नकोस. खरं बोलायची खोड आहे त्यांना. पोरगी घरी येऊ दे आधी."

नाफ्तालीने मोठा तुकडा उचलला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि तोंडात घातला. चावताना जबड्यातून कळ गेली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहणाऱ्यांना ते माफीचं वाटलं असेल. कमांडरने टाळ्या वाजवल्या. शिपायांनी दबोराचे हात सोडले, आणि ती अडखळत बापाकडे धावली.

"मिटलं!" कमांडर खूश होऊन म्हणाला. मग योसिनाकडे वळला. "काय आई, आता तुमचा मुलगा सगळं विसरेल ना? शब्द द्या बघू."

योसिनाने त्याच्या पानावर आणखी एक तुकडा वाढला.

"दिला की, साहेब," ती म्हणाली. "चौकीचं डुक्कर खाल्लेला माणूस आमच्यात पुन्हा तोंड उघडत नाही."