दुपट्ट्याखालची बोटं

"कोनीच मानत नाही, तुमी बी मानू नका," गोपीचंदने आधीच बजावलं. "पन माह्या किडनीची हार मी या डोळ्यानं पाह्यली. काचेवर. नागपूरले."

भंडाऱ्याच्या डायलिसिस वॉर्डात दुपारचे बारा वाजले होते. चार खाटा, चार मशिनी, आणि प्रत्येकाला अजून दोन तास तसंच पडून राहायचं होतं. उठून जाता येत नाही अशी माणसं मिळाली की गोपीचंद खुलायचा. एकोडीचा हा गडी बैलबाजारात दलाली करायचा, आणि त्याच्या तोंडून ऐकलं तर त्याने विकलेला एकही बैल कधी लंगडा नव्हता.

कोपऱ्यातल्या खाटेवर त्याचा धाकटा भाऊ खुशाल होता. दंडातल्या एका नळीतून रक्त मशिनीत जात होतं, दुसरीतून परत येत होतं. पायथ्याशी त्याची बायको गोदावरीबाई डोक्यावर पदर घेऊन त्याचे पाय चेपत बसली होती. तिला साखर, म्हणून तिची किडनी चालली नाही. पोरगा मोनू अजून लहान. उरला होता सख्खा भाऊ, आणि भावाचं आठ महिन्यांपूर्वी जुळलं नाही.

"काहून नाही जुळलं, ते डॉक्टरनं मले समजवलं," गोपीचंद म्हणाला. "आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी रायतेत. त्यायले डोळे नाही. अंगावर नुसते हात. हजारो!"

"रिसेप्टर म्हणतात त्यांना, काका," नळी तपासता तपासता रीना सिस्टर म्हणाली.

"तेच ते. बैलबाजारात आपन दुपट्ट्याखाली हात घालून सौदा करतो का नाही? तोंडानं शब्द नाही, नुसती बोटं चाचपाची. तसंच. समोरच्या पेशीच्या अंगावरची खूण चाचपते. घरची निघाली तं सोडते. परकी निघाली तं मारते."

"डायरेक्ट?" बाजूच्या खाटेवरून धनीरामने विचारलं.

"डायरेक्ट नाही, गड्या. तिचाच दुसरा एक हात 'थांब' म्हनते. त्यानं थांबवलं तं मारनारा हात मांगं येते. पन आमच्या खुशालच्या पेशीले तो थांबवनारा हातच नाही!"

"पेशींना असे दोन हात असतात, इतकं तरी काका खरं सांगतात," रीना हसून म्हणाली.

एवढं सर्टिफिकेट गोपीचंदला पुष्कळ झालं. तो स्टुलावरून उठला.

"काचेवर माहं रक्त टाकलं. बाजूले याचं टाकलं. वरतून दुर्बीण. मी डोळा लावला. माह्या पेशी बिचाऱ्या लाजत लाजत आल्या, नव्या नवरीवानी. याच्या पेशीनं दुपट्ट्याखाली हात घातला, एक बोट दाबून पाह्यलं, अन् दे धपाधप! माह्या शंभर मेल्या, याची एक नाही. डॉक्टरच घाबरला. म्हने, गोपीचंदभाऊ, इतकी दुश्मनी मी सख्ख्या भावात नाही पाह्यली!"

वॉर्ड हसला. धनीराम तर इतका हसला की त्याचं मशीन पीं पीं करू लागलं आणि रीनाला धावत जाऊन त्याचा हात दाबून धरावा लागला.

"मी तं किडनी ताटात घेऊन गेलतो," गोपीचंदने खुशालकडे बोट दाखवलं. "यानंच लात मारली."

खुशालही हसला. हसताना त्याचा सुकलेला ओठ फाटला. "माहंच रक्त खराब, दादा," तो म्हणाला. आठ महिने तो हेच म्हणत होता. दिवाळीला तर त्याने दादाच्या पायावर डोकं ठेवून आपल्या रक्ताबद्दल माफी मागितली होती, आणि दादाने ती दिलीही होती.

"जाऊ दे रे," गोपीचंद म्हणाला. "मी तुले कवाच माफ केलं."

गोदावरीबाईचे हात थांबले.

"कवा?"

कोण बोललं ते वॉर्डाला आधी कळलंच नाही. भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको तोंड उघडत नाही. गोदावरीबाईने अठरा वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. नवऱ्याच्या मोठ्या भावाला काही सांगायचंच असलं तर ती मोनूला पाठवायची.

"काय कवा?" गोपीचंदने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे नाही, रीनाकडे पाहत होता.

"यायचं रक्त कवा नेलं तुमी?" गोदावरीबाई म्हणाली. "तुमी एकटेच गेलते नागपूरले. हे त्या दिवशी याच खाटेवर होते. यायले सुई टोचली अन् मी संग नाही, असा एक दिवस नाही गेला."

"पयलेचं होतं ना त्यायच्यापाशी. जुनं," गोपीचंद म्हणाला. "बाटलीत."

"जुनं चालत नाही, काका," रीना म्हणाली. ती आता हसत नव्हती. "दोघांचंही ताजं लागतं."

धनीरामने तोंड भिंतीकडे वळवलं. गोपीचंदने दुपट्टा काढून मान पुसली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"गोदा," खुशाल म्हणाला, "मोठा भाऊ होय तो. चूप बस."

गोदावरीबाई उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने सावरला नाही.

"तुमी नागपूरले गेलेच नाही, भाऊजी."