खिळ्यावरचा हार

सत्यवानाने भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि उजेडासाठी घरापुढच्या खळ्यात, अंगणात नेली, तेव्हा मथुरा वाळत घातलेली आमसुलं तशीच टाकून त्याच्यामागे धावली.

"ती फ्रेम खोलू नको रे झिला!"

"अगो आये, खोलल्याशिवाय मोठो फोटो काढतले कसो? काचेक बुरशी इली ती बग. माझ्या मुंबयच्या खोलीत बापूस नको?"

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो गिरणीत कायम झाला होता. परळला दहा बाय दहाची का होईना, स्वतःची खोली मिळाली होती. आता तिथल्या भिंतीवर देवांच्या शेजारी बाप हवा, म्हणून मे महिन्याच्या रजेत तो घरी आला होता. पण त्या काचेमागे आईने अठरा वर्षं काय कोंडून ठेवलंय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

तिचा नवरा गंगाराम मचवा उलटून बुडाला, तेव्हा सत्यवान दोन वर्षांचा होता. गंगारामचा फोटोच नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, म्हणून तो जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. आयुष्य घटायचं ते घटलंच. पुढे पोरगा शाळेत जायला लागला आणि रोज विचारू लागला, "माझो बापूस कसो होतो?" सांगून सांगून मथुरा थकली. शेवटी एके दिवशी तिने धाकट्या दिराला, महादूला, नवऱ्याचा लग्नातला कोट चढवला, डोक्यावर काळी टोपी घातली आणि मालवणच्या बाजारात फोटोवाल्यासमोर नेऊन उभं केलं. दोघे भाऊ नाकीडोळी सारखेच. फोटोवाल्याने नाव विचारलं, तर मथुराच पुढे होऊन म्हणाली, "गंगाराम." फोटोने आयुष्य घटतं ही धास्ती महादूलाही होती, पण पुतण्यासाठी तो श्वास रोखून उभा राहिला.

फोटो घरी आला. बघणारे म्हणाले, अगदी गंगाराम! दोघी-तिघींनी डोळ्यांना पदरही लावला. महादूने त्याच आठवड्यात मिशा राखायला घेतल्या. पुढचं काम काळाने केलं. फोटो होता तसाच राहिला आणि महादू बदलत गेला. केस गेले, गाल बसले, चाळिशीतच दातांनी रजा घेतली. शेजारच्या घरात बायकामुलांसह राहणारा हा बोळक्या तोंडाचा काका आणि भिंतीवरचा तो तरणाताठा गडी एकच, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मथुरेच्या जिवाला घोर होता तो हाराचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला तर त्याचं काही खरं नाही, हे गावात शेंबडं पोरही जाणतं. आणि दरवर्षी पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी पोरगा हार घेऊन उभा! तिने तोड काढली. फ्रेमच्या वर वीतभर अंतर सोडून दुसरा खिळा ठोकला आणि हार त्याला लटकवायला सांगितला. का, म्हणून कुणी विचारलं तर, "फुलांचे डाग पडतत काचेक." महादूला साधा खोकला झाला तरी ती तो हार काढून विहिरीकडच्या माडाच्या मुळात टाकायची. एकदा त्याला विषमज्वर झाला, तर एकवीस दिवस तिने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

आता सत्यवानाने सुरीच्या टोकाने बारीक खिळे उपटले. पुठ्ठा निघाला. फोटो उलटा करून तो बघतच राहिला. मागे फोटोवाल्याचा शिक्का होता आणि त्याखाली शाईने साल लिहिलं होतं. १९४३.

"आये, बापूस तर एकोणचाळीस साली गेलो."

मथुरा पायरीवर बसली. पोराला बाप नव्हता, तर तिने तो आणून दिला होता. आज तिच्या डोळ्यांदेखत तो दुसऱ्यांदा मरत होता, आणि या वेळी दोष समुद्राचा नव्हता. आता मुलगा आपलं तोंड तरी बघेल का, एवढंच तिच्या मनात येत होतं.

तेवढ्यात कुंपणाच्या बेड्यातून, बांबू सरकवून, महादू आत आला. त्याने उघडी फ्रेम बघितली, वहिनीचा चेहरा बघितला, आणि काय झालं ते त्याला कळलं.

"तिका काय इचारतंस, माका इचार," तो म्हणाला. "तो मीच आसंय. कोट तेवढो तुझ्या बापाशीचो."

सत्यवानाने फोटो सुलट केला. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा काकाकडे. पुन्हा फोटोकडे बघितलं. मग तो खळ्यातच मटकन बसला आणि त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मथुरा दचकली.

"बरां झालां गो आये," तो डोळे पुसत म्हणाला. "फोटोसमोर हात जोडून 'बापा' म्हटलां, की लहानपणापासून डोळ्यांसमोर काकाच उभो रवायचो. माका वाटायचां, मी पापी, बापाशीक इसारलंय."