एक्केचाळीस दिवसांचा पाऊस

ही गोष्ट १९५७ सालची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि देवरीकडच्या जंगलातल्या गावांना टपाल आठवड्यातून दोनदाच यायचं. दिवाळीला आठ दिवस उरले असताना नंदाबाईच्या घरी एक कार्ड आलं. तिचा दीर उमराव चौथी शिकलेला. त्याने ते अंगणात उभ्यानेच वाचलं.

“विद्यापीठाचे साहेब सोमवारी माझं काम तपासायला येत आहेत. ताप पुन्हा आला, मी दवाखान्यातच आहे. साहेबांना चहा द्या. परसराम.”

नंदाबाईच्या हातातलं सूप थांबलं. “तपासाले? काऊन?”

“तपासाले म्हंजे पकडाले. कोनं तरी चुगली केली असन, वहिनी.”

परसराम बिरसीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. नागपूरच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन वर्षभरापूर्वी तो गावात आला आणि नंदाबाईच्या पडवीत राहू लागला. गावाचा तलाव तिच्या आजेसासऱ्यांनी बांधलेला. किती पाऊस पडला म्हणजे तो भरतो आणि किती धानाला पुरतो, यावर परसरामला प्रबंध लिहायचा होता. अंगणात त्याने पाऊस मोजायचा तांब्याचा डबा बसवला होता. रोज सकाळी आठ वाजता तो त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचा आणि वहीत लिहायचा.

“काकी, पावसाळ्यातला एक दिवस चुकला तरी वर्ष बुडालं,” तो म्हणायचा.

जुलैत त्याला ताप भरला. उमरावने त्याला खाटेसकट बैलगाडीत घातलं आणि आमगाव स्टेशनावरून गोंदियाच्या दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा तुडुंब भरला होता. नंदाबाईने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि नळी हातात घेतली.

तिला अक्षर येत नव्हतं. पडवीच्या भिंतीवर तिने गेरूने खुणा करायला सुरुवात केली. इंचाला रेघ, दहाव्या हिश्शाला ठिपका, कोरड्या दिवसाला नुसता गोल. दिवसाला एक ओळ. अशा एक्केचाळीस ओळी झाल्या.

पोळ्यानंतर परसराम परतला तेव्हा त्याचा नुसता सापळा उरला होता. तो दोन दिवस भिंतीसमोर बसून राहिला आणि सगळ्या ओळी वहीत उतरवून घेतल्या.

“काकी, ही भिंत पोतू नका. आकडे अजून एकदा ताडून पाहायचे आहेत.”

पण आठवड्याभरात ताप पुन्हा उलटला आणि तो पुन्हा गोंदियाला गेला.

आता साहेब येणार होते. पावसाळ्यात परसराम गावात नव्हता हे कळलं की शिष्यवृत्ती जाणार, वर्ष बुडणार.

“वही त्याच्याच अक्षरात हाये,” नंदाबाई म्हणाली. “मंग भिंत कायले पायजे?”

“त्यानं नको म्हटलं होतं ना?”

“त्याले का मालूम होतं साहेब येते म्हून? तू टोपली घे अन् चाल.”

रविवारी दोघांनी नाल्यावरून छुई आणली. ती पांढरी माती कालवून नंदाबाईने दुपारभर घर पोतलं. पडवीच्या भिंतीला तीन हात दिले. गेरू हट्टी होता. दोन हातांनंतरही ठिपके डोकावत होते.

सोमवारी साहेब आले. मध्यम वयाचे, धुळीने माखलेले. गाडीतून त्यांनी काळ्या कापडात गुंडाळलेलं तीन पायांचं काहीतरी जपून उतरवून घेतलं.

“जमीन मोजाचं यंत्र दिसते,” उमराव कुजबुजला.

साहेबांनी वही चाळली. मग चहाचा कप हातात घेऊन विचारलं, “बाई, जुलै-ऑगस्टात पाऊस कोण मोजायचं?”

“परसरामबापू. दुसरं कोन मोजन?”

“ते आजारी होते ना?”

“सर्दी-पडसं झालं असन. तवा कुठी गेला नाही तो. रोज आठाले डब्याजवळ हजर.”

“तुम्ही कधी मोजलं नाही?”

“मी अडानी बाई, साहेब. मले का समजते त्यातलं?”

साहेबांनी कप खाली ठेवला. “बाई, पूर्वी आमच्याकडे चूक निघाली की पोराचं सगळं संपायचं. म्हणून पोरं लपवायची. आता आम्ही ते बदलतो आहोत. जे घडलं ते सांगितलं तर शिष्यवृत्ती जात नाही. आणि ज्याने काम केलं, त्याचं नाव लागतं.”

मासे धरताना गळाला गांडूळ लावतात ते नंदाबाईला ठाऊक होतं. “जे घडलं तेच सांगून राहिली, साहेब.”

साहेबांनी पडवीभर नजर फिरवली. “घर छान पोतलंय. कधी?”

“काल. पाहुने येनार, दिवाळीबी आली.”

“सगळ्या भिंती?”

“सगळ्या.”

त्यांनी भिंतीला बोट लावलं. माती अजून ओलसर होती. बोटाचा पांढरा डाग रुमालाला पुसून ते उठले. काळं कापड न सोडताच यंत्र पुन्हा गाडीत चढलं.

“वहिनी, जितलो आपन!” गाडी वळल्यावर उमराव म्हणाला. नंदाबाईने शेजारीपाजारी गूळ वाटला.

उमराव एकसष्ट साली गेला. साहेब निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. परसरामला पदवी मिळाली नाही. त्याने देवरीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दर दिवाळीला तो नंदाबाईकडे यायचा, टोपलीभर छुई स्वतः खणून आणायचा आणि तिची पडवी पोतून द्यायचा. ऐंशी वर्षांची होईपर्यंत नंदाबाई प्रत्येक नव्या सुनेला सांगायची, की नागपूरच्या साहेबाला तिने कसं परतवून लावलं आणि पोराला कसं वाचवलं. परसराम शेजारी बसून मान डोलवायचा.

तो गेल्यावर त्याच्या बायकोला, चंद्रकांताला, पेटीत विद्यापीठाला पाठवलेल्या एका पत्राची नक्कल सापडली. तारीख होती ऑक्टोबर १९५७: “माझ्या आजारपणातले एक्केचाळीस दिवस मी मोजलेले नाहीत, ते श्रीमती नंदाबाईंनी मोजले आहेत. प्रबंधावर माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव असावं. पुरावा त्यांच्या पडवीच्या भिंतीवर आहे. कृपया येताना कॅमेरा आणावा.”