शहाण्णव ते एकशे तेरा

"पण म्हातारा मेला कधी?" शिवणकाम करणाऱ्या बाईने उभं राहून विचारलं, आणि वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसलेली वीस-बावीस माणसं एकदम मागे वळली.

वाचक मंडळाच्या चिटणीस म्हणजे तिच्या थोरल्या जाऊबाई. 'आवडलं एवढंच म्हण आणि गप्प बस,' असं बजावूनच त्यांनी धाकटीला आणलं होतं. आता त्यांनी कपाळाला हात लावला. समोर लेखक बसला होता, त्याच्या शेजारी प्राध्यापक. प्राध्यापकांचं पुस्तकावरचं भाषण नुकतंच संपलं होतं, टाळ्याही वाजून झाल्या होत्या.

"म्हणजे?" लेखकाने विचारलं.

"एका पानावर म्हातारा दारात उभा राहून मुलावर खेकसतोय. आणि लगेच पुढे दोघे भाऊ त्याच्या कोटावरून भांडताहेत. मधल्या मध्ये तो गेला कधी? अहो, मी त्याच्यासाठी रडायच्या तयारीने बसले होते. तुम्ही रडूच दिलं नाहीत."

हशा पिकला. त्यात जाऊबाईंचा आवाज सगळ्यांत वरचा. ही आपल्या घरची नाहीच, असं दाखवायचं तर मोठ्यानेच हसावं लागतं.

प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, यालाच मी मघाशी झेप म्हणालो. मृत्यू न दाखवता दाखवलेला मृत्यू. अख्ख्या पुस्तकाचा प्राण आहे तो."

तिची कानशिलं तापली. खाली बसावं, घरी जाऊन मशीन चालवावं आणि पुन्हा इथे तोंड दाखवू नये, असं तिला वाटलं. पण आज ती बसली असती, तर जाऊबाईंनी ही गोष्ट जन्मभर तिखटमीठ लावून सांगितली असती. ती बसली नाही.

"झेप नाही ती. बाही जोडायचीच राहिली की कोट असा दिसतो. पुस्तक चांगलं आहे म्हणून सांगतेय. वाईट असतं तर कशाला तोंड उघडलं असतं?"

लेखकाने टेबलावरची प्रत उचलली. सहा महिन्यांत त्याने कितीतरी प्रतींवर सह्या केल्या होत्या, पण छापून आल्यावर पुस्तक आतून वाचलं मात्र नव्हतं. तो पानं उलटत गेला. डावीकडे शहाण्णव. उजवीकडे एकशे तेरा.

त्याचा हात थांबला. प्राध्यापकांच्या झेपेला दहा मिनिटांपूर्वीच त्याने मान डोलावली होती. आताही नुसती मान डोलावली असती तर सगळं निभावलं असतं.

"झेपबिप काही नाही हो," तो म्हणाला. "बांधणीत एक फर्माच राहून गेलाय. सोळा पानं."

मग एकच गडबड उडाली. जो तो आपली प्रत चाळू लागला. एकाच्याही प्रतीत ती सोळा पानं नव्हती. दोघांची तर त्याच्या कितीतरी आधीची पानं अजून कडेला एकमेकांना चिकटलेली निघाली. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि तो मन लावून पुसायला घेतला.

लेखक मात्र भलताच खुशीत होता. खुर्च्यांमधून वाट काढत तो थेट मागच्या भिंतीपाशी, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सहा महिन्यांनी पहिला वाचक भेटला मला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

जाऊबाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं. "आमची जाऊ आहे ती. सख्खी."

"राहिलेली पानं घरी टाइप केलेली आहेत," लेखक तिला म्हणाला. "उद्याच आणून देतो."

"आणा की." तिला इतका आनंद झाला होता की आता कुणाचीच भीड वाटेना. "पण तो झोपेत गेला असेल तर मला नाही चालायचं. असा खेकसणारा माणूस भांडता भांडताच जायला हवा. अर्धं वाक्य तोंडातच ठेवून."

लेखक मान खाजवू लागला.

"झोपेतच जातो हो तो," तो म्हणाला. "उद्या नको मग. चार दिवस द्या मला."