हास्नोटविरुद्धचं पत्र

“दार लाव,” प्राध्यापक हास्नोट म्हणाले. “आणि तुझा तो प्रोग्रॅम उघड.”

मारिटने दार लावलं. सकाळचे दहा वाजले होते. तिची कॉफी अजून हातातच होती.

“माझ्याविरुद्ध डीनकडे निनावी पत्र गेलंय. डीन माझा मित्र, त्यानं ते माझ्याकडे दिलं. विभागात आपण चौदा माणसं. त्यातलं कुणी लिहिलं, ते तू मला सांगणार आहेस. चार वर्षं तुला इथं ठेवून घेतलंय ते कशाला?”

मारिटनं कॉफी टेबलावर ठेवली. डीनला निनावी पत्र तिनंच लिहिलं होतं.

तिचं संशोधन लिहिण्याच्या सवयींवर होतं. माणूस स्वल्पविराम कुठे देतो, ‘पण’ आणि ‘तरी’ किती वेळा वापरतो, वाक्य कुठे तोडतो, एवढ्यावरून तिचा प्रोग्रॅम मजकूर कुणाचा ते ओळखायचा. तीनशे चाचण्यांत तो एकदाही चुकला नव्हता. पाच आठवड्यांनी भरल्या सभागृहात, काळे झगे घातलेल्या परीक्षकांपुढे तिला प्रबंध मांडायचा होता. आईनं त्या दिवसासाठी नवा कोटही घेऊन ठेवला होता.

हास्नोटांचा प्रोग्रॅम वेगळा होता. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी आलेला फोन ऐकून तो हृदयविकाराचा झटका ओळखायचा. जानेवारीपासून दोन इस्पितळं तो वापरणार होती. मारिटला जुन्या नोंदी चाळताना दिसलं, की प्रोग्रॅम जिथे चुकला ते दोनशे बारा फोन हास्नोटांनी चाचणीतून गुपचूप काढून टाकले होते. त्यातली माणसं प्रोग्रॅमच्या मते ठणठणीत होती. एकतीस जण इस्पितळात जिवंत पोचलेच नव्हते.

“पत्र एकदा वाचायला मिळेल?” तिनं विचारलं.

“तुला कशाला वाचायचंय? तुझ्या प्रोग्रॅमला अर्थ कुठे कळतो? मजकूर मी टाकतो, तू बटण दाब.”

“आणि ताडून बघायला सगळ्यांचे ईमेल लागतील.”

“आणलेत. चौदाही जणांचे.”

“माझेसुद्धा?”

“तू काय आभाळातून पडलीस?”

तिनं बटण दाबलं. चाळीस सेकंद लागणार होते. तेवढ्यात काय बोलायचं, ते ती मनात जुळवू लागली. आपण लिहिलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बस, एवढंच.

पडद्यावर नाव उमटलं. बारेंट फिसर. ब्याण्णव टक्के.

“तो?” हास्नोट हसले. “तळघरातला? वायरी गुंडाळणारा माणूस मला शास्त्र शिकवणार? दुपारच्या आत बाहेर काढतो त्याला. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते ना? आता घरी बसून मोज म्हणावं.”

मारिटला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मग कळलं, की चार वर्षांचं काम डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं. तीनशे वेळा बरोबर आलेला प्रोग्रॅम, खरी वेळ आली तेव्हा भलत्याच माणसाकडे बोट दाखवत होता. तेही बारेंटकडे. विभागाची सगळी यंत्रं आणि त्यांवरच्या जुन्या नोंदी बारेंट सांभाळायचे. दुपारी तळघरात त्यांच्यासोबत ती पाव-चीज खायची, ताक प्यायची. तिची डिस्क जळाली होती तेव्हा तीन दिवस खपून त्यांनीच तिचं सगळं काम परत मिळवून दिलं होतं.

“हे चुकलंय, सर.”

“एकदाही चुकला नाही, असं तूच छापलंयस.”

“आज चुकला.”

“कशावरून म्हणतेस?”

गप्प बसणं सोपं होतं. पाच आठवड्यांचाच तर प्रश्न होता.

“कारण ते पत्र मी लिहिलंय,” मारिट म्हणाली.

हास्नोटांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. बोलले तेव्हा आवाज अगदी मऊ होता.

“कागद घे. लिही. एक, पत्र माझं आहे. दोन, माझा प्रोग्रॅम भरवशाचा नाही, म्हणून प्रबंध मागे घेते. खाली सही कर. मग मी बारेंटचं नाव विसरलो.”

“आणि त्या दोनशे बारा फोनचं काय?”

“जिला स्वतःचा प्रोग्रॅम धड करता आला नाही, ती माझ्या प्रोग्रॅमबद्दल काय म्हणते, ते कोण ऐकणार?”

तिनं लिहिलं. सही केली.

अर्ध्या तासात तिचं टेबल एका खोक्यात मावलं. जिन्यावर बारेंट भेटले. काही न विचारता त्यांनी खोकं हातातून घेतलं आणि खाली सायकलीपर्यंत आणलं. तिथं तिनं त्यांना सगळं सांगितलं. प्रोग्रॅमनं कुणाचं नाव घेतलं तेही, आणि आपण सही कशावर केली तेही.

बारेंट खोकं कॅरिअरला बांधत होते. त्यांचे हात थांबले.

“तू खरंच पत्र लिहिलंस?”

“गेल्या गुरुवारी.”

“डीनकडे पोचवलंस कसं?”

“तळमजल्यावर तक्रारपेटी आहे ना, तिच्यात टाकलं.”

बारेंट सायकलींच्या कठड्यावर टेकले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

“पोरी, त्या पेटीची किल्ली हरवून वर्ष झालं,” ते म्हणाले. “म्हणून तर मी माझं पोस्टानं पाठवलं.”