रांगेतली मोकळी जागा

लढाईला उभं राहताना लोक्री या ग्रीक गावचे लोक रांगेत एका माणसाची जागा मोकळी ठेवत. ती त्यांच्या मेलेल्या वीराची, एजॅक्सची. ट्रॉय लुटताना त्याने देवीच्या मूर्तीला बिलगलेली पोरगी केस धरून फरफटत नेली होती, पण तो विषय गावात कुणी काढत नसे.

यंदा त्या जागेच्या डावीकडे दामोन होता. "मजा आहे बुवा तुझी, प्रत्यक्ष एजॅक्सची ढाल!" सोबती हसले. दिवसभर भाले बरसले, पण दामोनच्या उजव्या अंगाला ओरखडाही नाही.

संध्याकाळी तो घरी आला. धाकटी बहीण मेलिता हसत धावली आणि मध्येच थबकली. मागे सरकत तिने अंगणातल्या देवीच्या मूर्तीला मिठी मारली.

"अगं, मीच आहे!" दामोन दारातूनच म्हणाला.

"दादा," ती कळवळली, "त्याला सांग ना, माझे केस सोड म्हणून."