सोमवारचं दूध

नासिरच्या मुलीचं, रुबीनाचं, लग्न झालं त्या वर्षी ईद-ए-मिलाद सोमवारी आली आणि अनंत चतुर्दशी मंगळवारी. अंबरनाथच्या मशिदीत बैठक झाली. आधी गणपती जाऊ देत, आपला जुलूस बुधवारी काढू, असं ठरलं. सगळ्यांना कळलं. चिखलोलीच्या दूधवाल्या महिपतीला कळवायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी त्याचा टेम्पो गल्लीत शिरला. त्याने दुधाचे कॅन नासिरच्या आईच्या, सकीनाबीच्या, ओट्यावर उतरवले आणि टॉवेलने मान पुसली. मिलादच्या दिवशी सकीनाबी दारात दुधाचं सरबत वाटायची. दूध दर वर्षी महिपतीच्या गोठ्यातलं.

"भाभी, झेंडे कुठं हायत? आज सामसूम?"

"जुलूस परवा आहे, महिपती."

"परवा कसा? कॅलेंडरात तर आजचा आकडा लाल हाय."

"तारीख आजचीच आहे रे. रस्ता परवा मिळणार आहे."

महिपती मटकन ओट्यावर बसला. रुबीना सणासाठी उल्हासनगरहून माहेरी आली होती. ती बाहेर येऊन हसायला लागली. "दादी, आता काय, दुधात आंघोळ करायची?"

"हसू नकोस. ऊन चढतंय. तासाभरात नासेल सगळं." सकीनाबीने माळ्याकडे बघितलं. तिथे तांब्याची मोठी देग पालथी घातलेली होती. एवढं दूध तापवायला तेवढं एकच भांडं. ती देग दर वर्षी नासिर उतरवायचा. दुसऱ्या कोणाला सकीनाबी हात लावू देत नसे. यंदा नासिरने आधीच सांगून ठेवलं होतं, मी उतरवणार नाही.

नासिर दारात उभा होता. "बघितलंस ना, अम्मी? नमाज पुढे ढकलता येते? रमजान ढकलता येतो? हे ढकललं, कारण हे मुळात दीनमध्ये, धर्मात नाहीच. लोकांनी मागाहून जोडलंय. बिदअत आहे."

"अब्बा, हॉल मिळेना म्हणून माझं लग्न दोनदा ढकललं," रुबीना म्हणाली. "ते काय खोटं होतं?"

"तू गप. लग्न माणसांचं असतं."

"आणि मिरवणूक कोणाची असते? फरिश्त्यांची?"

महिपतीला हसू आलं, ते त्याने टॉवेलमध्ये दाबलं.

नासिर आईजवळ आला. आवाज त्याने खाली आणला. "अम्मी, सहाबा, हुजूर पैगंबरांचे साथी, त्यांच्या सोबत राहिले. त्यांनी कधी जुलूस काढला नाही, सरबत वाटलं नाही. तुझं प्रेम त्यांच्यापेक्षा जास्त आहे का?"

"जास्त नाही रे," सकीनाबी म्हणाली. "उशिराचं आहे. ते त्यांच्या शेजारी बसून जेवले. आपल्याला नाही मिळालं."

तिने नासिरकडे नीट बघितलं.

"आज तुझा रोजा आहे ना?"

"सोमवारचा असतोच."

"सोमवारचाच का?"

"हुजूर ठेवायचे. त्या दिवशी त्यांचा जन्म झाला म्हणून."

"म्हणजे तू दर आठवड्याला करतोस. मी वर्षातून एकदा केलं तर बिदअत."

"त्यांनी जेवढं केलं तेवढंच मी करतो, अम्मी. वर काही घालत नाही."

"नको घालूस. पण दूध वाया घालवलेलं त्यांना चाललं असतं का, तेवढं सांग."

नासिरने कॅनकडे बघितलं. महिपतीकडे बघितलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या, स्टूल ओढलं आणि देग खाली उतरवली.

मग गल्लीत एकच धावपळ उडाली. एवढी मोठी शेगडी कोणाकडे नव्हती. गणपतीच्या मांडवात होती, महाप्रसादाची. मंडळाचा उन्मेष ती सिलिंडरसकट घेऊन आला आणि म्हणाला, "दादी, संध्याकाळपर्यंत वापरा. उद्या मात्र आमचा बाप्पा निघतोय." महिपतीने टेम्पो परत नेलाच नाही. तो खिरीचे तांदूळ धुवायला बसला. समोरच्या बायकांनी वेलची सोलायला घेतली. कोणीतरी पैगंबरांच्या स्तुतीची नात गायला सुरुवात केली, दुसरीने सूर उचलला. पलीकडून मांडवातल्या स्पीकरवर आरती लागली, तेव्हा बायका थांबल्या. आरती संपल्यावर जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे गायल्या. रुबीना घरातून बाहेर, बाहेरून घरात नाचत होती. परवाचं सगळं आजच होऊन बसलं होतं.

दूध आटत आलं तसं तळाला धरू लागलं. सकीनाबीचा हात दमला. नासिरने तिच्या हातातून डाव घेतला आणि ढवळत राहिला. नात सुरू झाली की तो तोंड भिंतीकडे करायचा. डाव थांबवायचा नाही.

संध्याकाळी मगरिबची अजान झाली. नासिरने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला. सकीनाबीने खिरीची वाटी त्याच्यापुढे धरली. गल्लीभर लोक तीच खीर खात होते. उन्मेष दुसऱ्यांदा वाटी भरायला आला होता.

नासिरने वाटी घेतली नाही. "ही कशाची खीर आहे, अम्मी?"

"तुझा रोजा सोडायची."

"आणि त्यांची?"

"त्यांची त्यांना विचार. तुझी गार होतेय."

नासिरने वाटी घेतली. खाऊन झाल्यावर बोटाने पुसून घेतली, लहानपणी पुसायचा तशी.

पुढच्या वर्षी मिलादचा जुलूस पुन्हा गणपतीनंतर, सोमवारी ठेवला. या खेपेला महिपतीला फोन आला. नासिरचा होता.

"काका, दूध सोमवारी आणा. मागच्या वर्षीएवढंच."

"जुलूसचं का रोज्याचं?"

"तुम्ही आणा. देग उतरवून ठेवलीय."

सकीनाबी त्या फोनच्या आधीच्या सोमवारी, १ सप्टेंबर २०२५ रोजी, वारली.